घाटमाथ्यावरच्या घराची वीज : ऊन की वारा?

पुणे-नाशिक महामार्गावरून नारायणगाव किंवा मंचर येथे पश्चिमेकडे वळले, की पन्नास-साठ किलोमीटरच्या आत निसर्गाचे रूप पार पालटते. महामार्गालगत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेला ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो. तर जुन्नर तालुक्यातील घाटघर, अंजनावळे, दुर्गवाडी, आंबोली आणि आंबेगाव तालुक्यातील आहुपे, कोंढवळ या टोकाच्या गावांत भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि चार महिने न उलगडणारे धुके. पूर्व भाग पर्जन्यछायेत मोडतो, तर भीमाशंकरच्या परिसरात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घरासाठी वीज स्वतःच निर्माण करायची झाल्यास ती उन्हापासून घ्यावी की वाऱ्यापासून, या प्रश्नाचे उत्तर या दोन तालुक्यांत गावागणिक बदलते. त्यामुळेच पुण्या-मुंबईत बसून मागवलेला, सर्वांसाठी एकच असा तयार संच येथे अनेकदा अपुरा तरी पडतो किंवा अकारण महाग तरी ठरतो.

या दोन्ही तालुक्यांतील गावठाणांत महावितरणची वीज पोहोचलेली आहे. अडचण असते ती गावठाणापासून दूर, टेपाडावर किंवा दरीच्या कडेला असलेल्या एकट्या घराची, शेतातल्या खोलीची, चार-सहा उंबऱ्यांच्या वाडीची. शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिल्यानंतर शहरातून येऊन येथे छोटे घर बांधणाऱ्यांची आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढणाऱ्या स्थानिक कुटुंबांची त्यात भर पडली. अशा ठिकाणी खांब टाकून वीज आणायची, तर अंतरानुसार खर्च वाढत जातो. आणि आणली तरी आषाढातील वादळी पावसात तारांवर झाड कोसळले, की दुरुस्ती होईपर्यंत अंधार ठरलेला. तरीही पहिली चौकशी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयातच करावी. शेवटचा खांब जवळ असेल, तर बॅटरीवर विसंबलेली कोणतीही स्वतंत्र व्यवस्था जाळ्यातील विजेपेक्षा स्वस्त पडत नाही. पुढील विवेचन आहे, ते जेथे खांब खरोखरच दूर आहे अशा घरांसाठी.

आधी गरज मोजावी

पॅनेल किती वॉटचे आणि पवनचक्की किती किलोवॉटची, हा प्रश्न नंतरचा. घराला दिवसाकाठी किती युनिट लागतात, हे प्रथम कागदावर मांडले पाहिजे. नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे रोज पाच तास लावले, तर पाव युनिटही खर्च होत नाही. अंगणातील दहा वॉटचा दिवा रात्रभर ठेवला तर त्याला एक-अष्टमांश युनिट लागते. नव्या धाटणीचा, ब्रशविरहित मोटरचा पंखा तीस वॉट घेतो. दहा तासांचे झाले ०.३ युनिट. जुन्या पद्धतीचा पंचाहत्तर वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात पाऊण युनिट खातो. मोबाइल आणि लॅपटॉप मिळून ०.२ युनिट, लहान शीतकपाट ०.६ ते ०.७, विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप तासभर चालला तर अर्धे युनिट. ही सारी बेरीज साधारण दोन युनिटांवर येते. चौघांच्या कुटुंबाला नीटनेटके राहण्यासाठी तेवढी वीज पुरते.

या हिशेबात पाणी तापवणे आणि स्वयंपाक धरलेला नाही, आणि तो धरूही नये. वीस लिटरची एक बादली २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. म्हणजे घरातील सर्व दिव्यांना दोन दिवस पुरून उरेल एवढी वीज एका माणसाच्या आंघोळीत जाते. चार बादल्या तापवायच्या म्हटल्या, तर घराची सगळी व्यवस्था दुप्पट करावी लागेल. बंबात चार लाकडे घालून जे काम होते, किंवा उन्हाळ्या-हिवाळ्यात छतावरच्या सौर बंबाने जे होते, ते महागड्या बॅटरीतून करून घेणे शहाणपणाचे नाही. इस्त्री, इंडक्शन शेगडी, गीझर या तीन वस्तू यादीतून वगळल्या, की उरलेला प्रश्न आटोक्यात येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घाटमाथ्यावर ज्या महिन्यांत सूर्य दिसत नाही, त्याच महिन्यांत घराची विजेची गरजही आपोआप घटते. श्रावणात पंखा लागत नाही आणि पागोळ्यांचे पाणी टाकीत घेतले तर पंपही फारसा लागत नाही. दोन युनिटांची गरज सव्वा युनिटावर येते. शीतकपाट बंद ठेवले तर जेमतेम अर्ध्या युनिटावर. व्यवस्था उभारणारे कारागीर बहुधा वर्षभर एकच आकडा धरून हिशेब करतात, आणि मग पावसाळ्यासाठी अवाढव्य बॅटरी सुचवतात.

उन्हाचा हिशेब

पुणे परिसरात वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटर सपाट जागेवर दिवसाला सुमारे साडेपाच युनिट सौरऊर्जा पडते. एप्रिल-मेमध्ये हा आकडा साडेसहा-सातपर्यंत चढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरतो. तारा, बॅटरी, इन्व्हर्टर आणि तापलेल्या पॅनेलची घटलेली कार्यक्षमता यांत जाणारी गळती वजा केली, तर एक किलोवॉटचे पॅनेल ऑक्टोबर ते मे या काळात दिवसाला साधारण चार युनिट हाती देते. म्हणजे वर दिलेल्या घराला आठ महिने अर्ध्या-पाऊण किलोवॉटचे पॅनेलही पुरते. नारायणगाव, ओतूर, मंचर, अवसरी या पट्ट्यात पावसाळ्यातही ढगांना खिंडार पडते आणि एक किलोवॉटमध्ये बारा महिने निभाव लागतो. तेथे पवनचक्कीचा विचार करण्याचे कारणच नाही.

पश्चिमेकडे मात्र पुण्याचा आकडा उपयोगी पडत नाही. नाणेघाट, दुर्गवाडी किंवा आहुप्याच्या पठारावर जुलैत सलग आठ-दहा दिवस धुके आणि संततधार असते. पूर्ण झाकोळलेल्या दिवशी पॅनेल नेहमीच्या एक-चतुर्थांश, कधी त्याहूनही कमी वीज देते. एक किलोवॉटमागे एक युनिटही नाही. हा काळ कसा काढायचा, हाच येथील खरा प्रश्न आहे. वार्षिक सरासरी कितीही आकर्षक असली तरी ती या दहा दिवसांबद्दल काहीच सांगत नाही.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ‘बॅटरी वाढवा’ असे दिले जाई, कारण पॅनेल महाग होते. आता गणित उलटले आहे. गेल्या दीड दशकात पॅनेलच्या किमती इतक्या घसरल्या आहेत, की ढगाळ दिवसाची तूट पॅनेल वाढवून भरून काढणे हे बॅटरी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. घाटमाथ्यावरच्या घराने एकाऐवजी दोन किलोवॉटचे पॅनेल बसवले, तर अगदी अंधारलेल्या दिवशीही सव्वा-दीड युनिट मिळण्याची शक्यता असते आणि पावसाळ्यातील घटलेली गरज जवळपास भागते. उरलेल्या आठ महिन्यांत सुमारे तीन-चतुर्थांश वीज वाया जाईल, हे खरे. पण वाया जाणाऱ्या उन्हाला पैसे पडत नाहीत. मृत झालेल्या बॅटरीला पडतात.

पॅनेलच्या कलाबाबतही स्थानिक विचार हवा. जुन्नर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षभराच्या उत्पादनासाठी दक्षिणेकडे सुमारे वीस अंशांचा कल योग्य मानला जातो. मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य येथे डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, आणि ढगाळ हवेत प्रकाश एका दिशेने न येता साऱ्या आकाशातून झिरपतो. अशा वेळी पॅनेल जितके आडवे, तितके बरे. पावसाळा हीच ज्याची अडचण आहे, त्याने दहा-बारा अंशांचा कल ठेवावा. हिवाळ्यात थोडी वीज कमी मिळाली तरी बिघडत नाही. दहापेक्षा खाली मात्र जाऊ नये, कारण मग पाणी निथळत नाही आणि काचेवर शेवाळ धरते.

वारा : कागदावरचा आणि खांबावरचा

ज्या महिन्यांत ऊन हरवते, त्याच महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या कड्यावर येऊन आदळतो. ही जोडी इतकी सोयीची दिसते, की कोणालाही पवनचक्कीचा मोह पडावा. नाणेघाटात पावसाळ्यात कड्यावरून खाली पडणारे पाणी वाऱ्याच्या झोताने पुन्हा वर उडते. तो ‘उलटा धबधबा’ पाहायला शनिवार-रविवारी हजारोंची गर्दी लोटते. तो पाहिलेल्या माणसाला येथे वाऱ्याची वीज का नको, हे पटवून देणे अवघड जाते.

पण वाऱ्याचे गणित कठोर आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि वेग निम्मा झाला तर एक-अष्टमांश उरते. त्यातूनही कोणतीही पवनचक्की सिद्धांततः ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती काढून घेऊ शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. घरगुती चक्क्या प्रत्यक्षात वीस-पंचवीस टक्क्यांवर समाधान मानतात. दोन मीटर व्यासाची पाती असलेली चक्की घेतली आणि हजार मीटर उंचीवरील किंचित विरळ हवा धरली, तर सेकंदाला सहा मीटर वेगाच्या वाऱ्यात ती सुमारे ९० वॉट देते. असा वारा दिवसभर टिकला तर दोन युनिटांहून थोडी अधिक वीज मिळते. आषाढात हे उत्तम. पण ऑक्टोबरनंतर वारा पडतो. वेग तीन मीटरवर आला, की तीच चक्की १२ वॉटवर येते. दिवसभरात पाव युनिट. त्याहून मंद वाऱ्यात तर पाती फिरतच नाहीत.

चक्कीवर लिहिलेला आकडा येथे फसवतो. एक किलोवॉटची चक्की म्हणजे सेकंदाला अकरा-बारा मीटर वेगाच्या वाऱ्यात एक किलोवॉट देणारी चक्की. तेवढा वारा घाटमाथ्यावरही काही दिवसच असतो. एक किलोवॉटचे पॅनेल आणि एक किलोवॉटची चक्की यांची किंमत शेजारी मांडून तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे. विचारायचा प्रश्न एकच : आपल्या जागी, आपल्या खांबाच्या उंचीवर, जुलैत किती आणि जानेवारीत किती युनिट मिळतील? विक्रेत्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

नाणेघाटाचा उलटा धबधबा हीदेखील वस्तुतः धोक्याची खूण आहे. कड्याच्या काठावर वारा आडवा वाहत नाही. तो कड्याला धडकून वर उसळतो आणि काठाच्या मागे भोवरे करतो. पवनचक्कीला संथ, एकसारखा, आडवा वारा लागतो. भोवऱ्यात पाती सतत दिशा बदलत राहतात, बेअरिंगे झिजतात आणि वीज मात्र कमीच मिळते. दरीचे दृश्य दिसावे म्हणून कड्याच्या टोकाशी बांधलेले घर चक्कीसाठी बहुधा सर्वांत वाईट जागेवर असते. कड्यापासून बरेच मागे, उघड्या पठारावर, जेथे पश्चिमेला झाड किंवा उंचवटा नाही, अशी जागा चालू शकते. डोंगराच्या पूर्व उतारावरची आणि खोऱ्यातली गावे तर वाऱ्याच्या आडोशालाच वसलेली आहेत. जुन्या लोकांनी घरे बांधताना वारा टाळला, हे विसरून चालणार नाही.

उंचीचा नियम असा सांगतात, की शंभर-दीडशे मीटर परिघातील सर्वांत उंच वस्तूपेक्षा पात्यांचा खालचा कडा किमान दहा मीटर वर असावा. आजूबाजूला आठ मीटरची झाडे असतील, तर खांब अठरा-वीस मीटरचा हवा. बहुतेक जण घराच्या गच्चीवर तीन मीटरच्या नळीवर चक्की बसवून मोकळे होतात. तिचा घरघराट भिंतींतून रात्रभर ऐकू येतो आणि वीज नाममात्र मिळते. वीस मीटरचा खांब म्हणजे चार बाजूंना ताण, त्यांचे काँक्रीटमधील पाये, आणि दुरुस्तीसाठी खांब आडवा करता येईल अशी मोकळी जागा. खांब-पायाचा खर्च चक्कीच्या बरोबरीने येतो, कधी त्याहून जास्त.

वाऱ्याचा जोर किती गांभीर्याने घ्यावा लागतो, याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडद येथील ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या तीसही अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या केल्या, त्यामागे वारा आरपार जावा आणि सांगाडा हलका राहावा हे एक प्रमुख कारण होते. (जाता जाता : निकृष्ट इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर रेडिओ लहरींचा गोंगाट करतात. खोडदच्या परिसरात घर असणाऱ्याने या बाबतीत तरी स्वस्त माल टाळावा.)

मोठ्या पवनचक्क्यांचे उदाहरण घरासाठी दिले जाते, तेही फारसे लागू पडत नाही. भीमाशंकर अभयारण्यालगत खेड तालुक्याच्या डोंगरमाथ्यांवर उभ्या असलेल्या चक्क्यांचे खांब पन्नास मीटरहून उंच आहेत. तेथील वारा आणि अंगणातील पंधरा मीटरवरचा वारा यांत मोठा फरक असतो. शिवाय त्या प्रकल्पासाठी डोंगरात काढलेल्या रस्त्यांवर आणि झालेल्या वृक्षतोडीवर डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात कडक टीका केली होती. घरगुती खांबाने असे काही होत नाही. पण ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे गेली, त्या भागात उतारावर यंत्राने खोदाई करण्यापूर्वी कोणीही दहा वेळा विचार करावा. खांबाचे पाये सपाट, खडकाळ जागीच घ्यावेत; तशी जागा नसेल तर चक्कीचा नाद सोडावा.

मिश्र संचाचा अनुभव

ऊन आणि वारा एकत्र करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. केंद्र सरकारच्या लहान पवनऊर्जा व मिश्र संचांच्या अनुदान कार्यक्रमात महाराष्ट्र देशात आघाडीवर होता. ‘महाऊर्जा’मार्फत शाळा, आश्रमशाळा, शासकीय इमारती आणि संस्थांच्या आवारात असे संच उभे राहिले. अशा संचांचे दुखणे सर्वत्र सारखेच असते : पॅनेल निमूटपणे काम करीत राहतात आणि चक्की मात्र एखाद्या पावसाळ्यानंतर थांबते. पॅनेलमध्ये हलणारा भागच नाही. चक्कीचे बेअरिंग, शेपटी, ब्रेक, फिरत्या भागातून वीज खाली आणणारी कडी यांना वर्षातून दोनदा हात लावावा लागतो, तोही वीस मीटर उंचीवर. सुटा भाग मिळायला महिना जातो, आणि तो बसवणारा माणूस घाटात यायला तयार होईपर्यंत पावसाळा संपतो.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. या दोन तालुक्यांत केवळ वाऱ्यावर विसंबून राहण्याजोगे घर जवळपास नाहीच. आठ महिने ऊनच लागते, आणि ऊन घेण्यासाठी पॅनेल, कंट्रोलर व बॅटरी आणावीच लागते. चक्की आली तर ती त्यावर भर म्हणून, जून ते सप्टेंबरपुरती. उघड्या पठारावर बारमाही राहणारे कुटुंब असेल, पाहुण्यांमुळे पावसाळ्यातही विजेची गरज घटत नसेल, आणि घरातील एखाद्याला पाना-पक्कड चालवण्याची आवड असेल, तरच तिचा विचार व्हावा. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्या शहरी मालकाने तर तो अजिबात करू नये. आठवडाभर कोणी नसताना वादळात सुटलेली चक्की थांबवणार कोण?

विकत घेण्यापूर्वी मोजमाप मात्र जरूर करावे. जागतिक बँकेच्या साहाय्याने तयार झालेले ‘ग्लोबल सोलर ॲटलस’ आणि ‘ग्लोबल विंड ॲटलस’ हे नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. सौर नकाशातील महिनावार आकडे बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात. वाऱ्याचे आकडे डोंगराळ मुलखात केवळ दिशादर्शक समजावेत. दहा-बारा मीटरच्या बांबूवर वाऱ्याचा वेग नोंदवणारे साधे यंत्र जून ते सप्टेंबर लावून ठेवले, तर हजारो रुपयांचा निर्णय काही हजारांत तपासून घेता येतो. सरासरी सेकंदाला पाच मीटरच्या खाली आली तर चक्कीचा पैसा पॅनेलमध्ये घालावा.

ओढ्याचे पाणी

ऊन की वारा या वादात तिसरा पर्याय सहसा विसरला जातो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात घरामागच्या ओढ्याला पाणी असते आणि उतारही असतो. सेकंदाला दोन लिटर पाणी नळीतून दहा मीटर खाली आणून लहान जलचक्कीवर सोडले, तर निम्मी गळती धरूनही सुमारे शंभर वॉट मिळतात. आकडा लहान वाटतो. पण ते शंभर वॉट रात्रंदिवस मिळतात, म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिटांहून अधिक. वारा पडला म्हणून ते थांबत नाहीत आणि धुक्याने अडत नाहीत. खांब नको, ताण नको. ओढा आटला की नळी उचलून ठेवायची. पुराच्या लोंढ्यात यंत्र वाहून जाणार नाही अशी जागा निवडणे आणि जाळीत अडकलेला पाचोळा रोज काढणे, एवढेच काम. घराजवळ असा ओढा असेल, तर पावसाळ्याची तूट भरून काढायला पवनचक्कीपेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. ओढा वनखात्याच्या हद्दीत असल्यास अर्थातच परवानगी लागते.

बॅटरी, छप्पर आणि वीज पडण्याचा धोका

स्वतंत्र व्यवस्थेत सर्वांत आधी मरते ती बॅटरी. पावसाळ्यातील सव्वा युनिटाची गरज चार दिवस भागवायची, तर पाच युनिट साठा हवा. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये; म्हणजे दहा युनिटांची क्षमता लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी १.८ युनिटांची, अशा सहा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के रिकामी करता येते, म्हणून सहा युनिटांची पुरते. ती महाग खरी. पण शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते आणि तिला वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. महिनोन् महिने बंद राहणाऱ्या घरात हे कोण करणार? पावसाळाभर अर्धवट भारित राहिलेली शिशाची बॅटरी त्याच वर्षी निकामी होऊ शकते. घाटमाथ्यावरच्या घरासाठी लिथियमच घ्यावी, पूर्व पट्ट्यात शिशाची चालेल.

छपराचा विचार पॅनेल आणण्याआधी करावा. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ पुणे जिल्हा ओलांडून पुढे गेले, तेव्हा जुन्नर-आंबेगावातही पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, हरितगृहे फाटली. पत्र्याला स्क्रूने धरलेले पॅनेल अशा वाऱ्यात पत्र्यासकट जाते. सांगाड्याची पकड थेट वाशांना किंवा जमिनीतील पायाला असावी. कौलारू घर असेल तर पॅनेल अंगणातच, माणसाच्या उंचीवर लावणे उत्तम. धूळ-शेवाळ पुसता येते, आणि छपरावर माकडांचा धुडगूस असेल तर तोही टळतो.

मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा पडतात. पठारावरचा पवनचक्कीचा खांब हा परिसरातील सर्वांत उंच धातू असतो, हे वेगळे सांगायला नको. येथील काळ्या बेसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ आहे; एक सळई ठोकून भूयोजन होत नाही. दोन-तीन ठिकाणी, ओल टिकेल अशा जागी, खोलवर अर्थिंग घेऊन ती जोडावी आणि पॅनेल व इन्व्हर्टरच्या मध्ये विद्युतदाबाच्या लाटेपासून संरक्षण देणारे उपकरण बसवावे. एकूण खर्चात हा भाग किरकोळ असतो, आणि नेमका तोच वगळला जातो.

रात्रीचा दिवा

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा जुन्नर वनविभाग बिबट्यांच्या वावरासाठी देशभर ओळखला जातो. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र त्यातूनच उभे राहिले. उसाच्या रानालगतच्या घरात अंगणातील आणि गोठ्यावरचा दिवा ही चैन नसते. म्हणून घराच्या व्यवस्थेत या दिव्यांची वायरिंग वेगळी ठेवावी. मुख्य बॅटरी उतरल्यावर इन्व्हर्टर सगळेच बंद करतो, आणि नेमके पहाटे तीन वाजता अंगण काळोखात जाते. स्वतःचे छोटे पॅनेल व बॅटरी असलेला सौर दिवा अंगणात स्वतंत्रपणे लावला, तर घरात शीतकपाटाने बॅटरी संपवली तरी तो जळत राहतो. हीच युक्ती मोबाइल चार्ज करण्यासाठीही वापरावी.

अनुदानाचे वास्तव

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेची जाहिरात सर्वत्र असल्याने अनेकांचा गैरसमज होतो. या योजनेतील पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉटला कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान केवळ वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडलेल्या घरांसाठी आहे. ज्याच्याकडे मीटरच नाही, त्याला ते मिळत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, पण तो सिंचनासाठी. जाळ्यापासून दूर असलेल्या घरांसाठी २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल असा संच दिला जात असे. ती योजना मार्च २०२२ मध्ये संपली. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांनी घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चालू योजनांची चौकशी करावी. बाकीच्यांनी खर्च स्वतःचा धरूनच चालावे.

पश्चिमेकडील अनेक गावांचा परिसर भीमाशंकर अभयारण्य किंवा राखीव वनाच्या हद्दीला लागून आहे. बांधकाम, खांब उभारणे, ओढ्यातून पाणी वळवणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी सातबारा, गावनकाशा आणि वनखात्याची हद्द ताडून पाहावी. काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू केले, तर कारागीर मिळतात आणि मेच्या वळवापूर्वी अर्थिंगसह सारे तपासून होते. पहिल्या जूनमध्ये शीतकपाट आठ दिवस बंद ठेवून बॅटरी रोज सकाळी किती भरलेली आहे, हे वहीत टिपून ठेवावे. पॅनेल वाढवायचे की नाही, हे त्या नोंदींवरून ठरते.